पेन्सिलीतला आकडा

आकाशातून जाणाऱ्या पाखराला आपण मोजलं काय नि नाही मोजलं काय, त्याचं काही अडत नाही. अडतं ते मोजणाऱ्याचं. ताई हे हसत म्हणायची, आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे चष्मेवाला, ते एकोणीस वसंत ऐकत आला होता.

गावामागे एक लांबट डोंगर आहे. हिवाळा दक्षिणेकडे काढलेले शिकारी पक्षी वसंतात उत्तरेला आपापल्या घरट्यांकडे निघतात, ते याच डोंगराच्या धारेवरून. भोवत्ये, ससाणे, एखादा गरुड आणि सगळ्यांत जास्त मोहोळ घारी. ही मोजणी करायला गावातली सात-आठ हौशी माणसं दोन महिने आळीपाळीने वर बसत. पगार नाही, भत्ता नाही, डबा घरचा. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच. सगळ्यांचा मेळ घालायचे ते भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर.

चष्मेवाल्याचं कोपऱ्यावर छोटं दुकान होतं. मोजणीच्या दिवसांत ते संध्याकाळी पाचनंतरच उघडायचं, म्हणून गिऱ्हाइकं म्हणत, वसंतात डोळे बिघडू देऊ नका बाबा, चष्मेवाला डोंगरावर असतो. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. छापखान्यात एकतीस वर्षं तिने मुद्रितं तपासली. लोक म्हणत, ताईच्या नजरेतून ढगसुद्धा दुरुस्त झाल्याशिवाय सुटत नाही. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यात, शिकवण्यात तिचं लग्न राहून गेलं, आणि तिला एकटी टाकायची नाही म्हणून मग त्याचंही. छप्पन्न वर्षांच्या त्या माणसाला ती अजून बाळ म्हणायची.

डोंगरावर दोघांची कामं वाटलेली होती. तो बघायचा, ती लिहायची. घारी एकेकट्या जात नाहीत. तापलेल्या उतारावरून ऊन हवा वर चढते, तिच्यात शिरून शेकडो घारी पंख न हलवता गोल गोल फिरत उंच जातात. याला ही मंडळी रहाट म्हणत. रहाट फिरत असताना मोजायचं नाही, कारण तीच घार दहादा समोर येते. वर टोकाशी पोचल्यावर त्या एकामागून एक उत्तरेला सुटतात, माळेतून मणी ओघळावेत तशा. तेव्हा मोजायचं. चष्मेवाल्याच्या मुठीत मोजणीचं छोटं यंत्र असे, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे सरकायचा. त्या टिकटिकीला ताई त्याचा जप म्हणायची. "दुसरा कुठला जप याला येत नाही," असं मास्तरांना सांगायची, "पण देव हाच धरून घेईल."

आणि एक रीत होती, ती ताईने छापखान्यातून आणलेली. डोंगरावर सगळं पेन्सिलीत लिहायचं. संध्याकाळी घरी दिव्याखाली बसून तो तासातासाचा आकडा मोठ्याने म्हणायचा, ती तो परत म्हणायची, यंत्रावरच्या बेरजेशी ताडायची आणि मगच पेन्सिलीवरून शाईचं पेन फिरवायची. पेन्सिल म्हणजे ऐकलेलं, शाई म्हणजे पटलेलं, असा तिचा हिशेब. ज्याने पेन्सिलीत लिहिलं, त्यानेच शाई फिरवायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. काहीच आलं नाही तर शून्य लिहायचं, तेही शाईत. रिकामा तास सोडून दिला तर ती म्हणायची, हा तास काय झोपला होता?

या वर्षी हिवाळ्यातच ताईने अंथरूण धरलं. आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, पण चष्मेवाल्याच्या मनात राहिलं ते त्यांचं पुढचं वाक्य. औषधाने आता फारसं होणार नाही, त्यांच्या पोटात अन्न जाईल तितके दिवस. आणि अन्नावरची तिची वासनाच उडाली होती. सुपाची वाटी पुढे केली की दोन चमचे घेऊन मान फिरवायची, रागावलं की तिसरा घ्यायची, बस.

तिची खाट मागच्या खोलीत होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची आणि वर मान वाकडी केली तर वितभर आभाळ. वसंत लागला तसा तो म्हणाला की या वर्षी मी जात नाही. ताईने त्याला खाटेपाशी बसवून झाडलं. घरी बसून काय माझे घास मोजणार आहेस? दिवसभर शेजारची वहिनी आहे, ती बोलून बोलून मला जिवंत ठेवील. तू जा. आणि माझी एक वही मला दे. डोंगरावर मास्तर लिहितील ते लिहोत, संध्याकाळी तू मला सांग, मी माझ्या वहीत लिहीन.

पहिल्या दिवशी नऊ पक्षी आले. ताईने नऊ लिहिले आणि सुपाकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी दोनशे बारा. आकडा ऐकताच ती कोपरावर उठून बसली. रहाट कुठे लागला, खिंडीवर की पलीकडे? उंची किती होती? पिल्लं होती का त्यात, की सगळ्या मोठ्याच? विचारता विचारता हातातली वाटी कधी संपली ते तिला कळलं नाही. चष्मेवाल्याला मात्र कळलं. त्या रात्री त्याने रिकामी वाटी धुतली नाही, नुसती हातात धरून बसला.

तिसऱ्या दिवसापासून वारा फिरला. समोरून येणारा कोरडा वारा, दिवसभर डोळ्यांत माती. अशा वाऱ्यात घारी डोंगर सोडून दूर समुद्राच्या बाजूने जातात. त्या दिवशी चार आल्या. उतरताना सगळी वाट त्याच्या डोळ्यांसमोर ती पाठ फिरवलेली आकृती होती. दार उघडलं तर ताई पेन उघडून वाट बघत होती. म्हणाली, सांग.

"एकशे चाळीस," तो म्हणाला.

एकोणीस वसंतांत त्याने न पाहिलेली एक चिमणीसुद्धा मोजली नव्हती. आता जीभ एकदा सैल झाली आणि मग रोजचंच झालं. मास्तरांच्या तक्त्यात पडायचे सात, अकरा, शून्य. ताईच्या वहीत उतरायचे एकशे नव्वद, तीनशे तीस, दोनशे सहा. आकडा उघडावाघडा देऊन भागत नसे, तिला सगळं ऐकायचं असायचं. मग तो दुकानात चष्म्याच्या काचा घासता घासता रहाट रचायचा, किती वाजता, कुठल्या उतारावर, मध्येच एक गरुड कसा घुसला आणि घारी कशा फाकल्या. या वर्षी यंत्र मास्तरांच्या तक्त्यासोबत डोंगरावरच्या पेटीतच राहायचं, ताडून बघायला काही नसायचं. ताईने त्यावरही तोडगा काढला होता. "तू सांगितलंस म्हणजे ताडल्यासारखंच," असं म्हणून ती लगेच शाई फिरवायची.

आणि ती खाऊ लागली. वाटीची दीड वाटी झाली. एकदा तिने आपणहून पाव मागितला. सकाळी वहिनी आली की ताई तिला कालचा आकडा सांगायची, आणि वहिनी, जिला घार आणि कावळा यांत फरक कळत नव्हता, ती गालावर हात ठेवून म्हणायची, अगं बाई, तीनशे तीस! ताई, तुमचं दुखणं त्या घारीच उचलून नेणार बघा. चष्मेवाला जोडे घालता घालता हे ऐकायचा आणि देवाला मनात म्हणायचा, माझ्या खात्यावर लिही, तिच्या नको.

पण एक गोष्ट तो साफ विसरला होता. मोजणी अर्धी झाली की मास्तर तोवरचा तक्ता टंकलिखित करून घेत आणि दरवर्षी तो तपासायला ताईकडे देत. या वर्षी ती आजारी, म्हणून देणार नाहीत असं त्याने धरून चाललं होतं, म्हणजे खरं तर त्याच्या मनातच आलं नव्हतं. मास्तरांनी उलटा विचार केला. आजारी माणसाला बरं वाटेल. चष्मेवाला डोंगरावर असताना ते तक्ता वहिनीच्या हाती देऊन गेले.

संध्याकाळी तो घरी आला तर ताई उशांना टेकून बसलेली, नाकावर चष्मा, गालांवर किती दिवसांनी थोडा रंग. मांडीवर तक्ता आणि शेजारी तिची वही. तक्ता लाल शाईने भरून गेला होता. ओळीओळीला तिने खरा आकडा खोडून, समासात नीट रेघ काढून, वहीतला आकडा लिहिला होता.

बघितलंस का, ती म्हणाली, टंकलेखकाने काय घोळ घातलाय? एकशे चाळीसचे चार केलेत. तीनशे तीसचे अकरा. चौदा तारखेला तर चक्क शून्य! चूक ढेकणासारखी असते बाळ, एक दिसली की गादी उलटी करायची. मी आख्खी गादी उलटी केली. दुपारभर लागले होते, वहिनीला विचार, मध्ये आडवीसुद्धा झाले नाही.

तो नुसता हसला. तोंड धुण्याच्या निमित्ताने आत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून गुपचूप नवा तक्ता मागून घ्यायचा आणि हा चुलीत घालायचा, असं ठरवत होता, तेवढ्यात जिन्यावर मास्तरांची काठी वाजली. तक्ता न्यायला आलेच ते.

मास्तर खुर्चीत बसले, तक्ता डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले. हे आकडे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. चार त्यांनीच लिहिले होते, शून्यही त्यांनीच. पण एवढी वर्षं ताईची लाल शाई म्हणजे शेवटचा शब्द हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. ते डोकं खाजवत म्हणाले की माझंच काही चुकलं असणार, अलीकडे विसरायला होतं, हिवाळ्यात तर एकदा टोपीच उलटी घालून लग्नाला गेलो होतो. ताई म्हणतात तर तसंच. उद्या असाच छापायला देतो.

चष्मेवाल्याने ताईकडे पाहिलं. ती तृप्त दिसत होती, काम नीट झालेल्या माणसासारखी. एका बाजूला हा चेहरा, दुसऱ्या बाजूला तो कागद, जो मग वर्षानुवर्षं कुठे कुठे वाचला जाणार आणि लोक म्हणणार, त्या वसंतात घारी भरपूर होत्या. बोललो नाही तर ताईच्या हातून, आयुष्यात पहिल्यांदा, खोटं छापलं जाणार होतं. तिच्या हातून. ते त्याला सोसवेना.

"मास्तर, तक्ता बरोबर आहे," तो म्हणाला. "वही चुकीची आहे. मी तिला चुकीचं सांगत आलो."

मास्तरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि वही उघडली.

"चौदा तारखेला किती होते?"

"शून्य."

"मी दोनशे सहा लिहिलेत."

"हो."

"त्या दिवशी मी पाव मागितला होता," ती म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. लहानपणी खोटं बोलल्यावर तिने त्याला फूटपट्टीने मारलं होतं आणि मग स्वतःच रडत बसली होती. आता तिने मास्तरांकडून तक्ता मागून घेतला, आपली एकेक लाल दुरुस्ती रद्द केली, प्रत्येक खोडलेल्या आकड्याखाली ठिपके दिले. मूळचं तसंच ठेवावं, अशी ती छापखान्यातली खूण. तासभर लागला. शेवटी म्हणाली, "मास्तर, माफ करा. वही तपासायची राहून गेली होती."

त्यानंतरही तो रोज संध्याकाळी तिच्यापाशी बसे. आता तो खरंच सांगायचा. तीन. नऊ. शून्य. ती मान हलवून ऐकायची, सुपाचे दोन चमचे घ्यायची, तेही त्याचा चेहरा बघून, आणि वहीत लिहायची. आकडा परत म्हणत मात्र नव्हती. त्याला वाटलं, थकली आहे. वही उशाखाली असायची, ती काय लिहिते हे त्याने बघितलं नाही. बघायचा त्याला हक्क उरला नाही असं त्याला वाटत होतं. डॉक्टर येऊन गेले, त्यांनी जिन्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मोजणी संपायला चार दिवस होते तेव्हा पहाटे वारा पडला आणि उजाडता उजाडता मागून, दक्षिणेकडून, मऊ वारा सुटला. मास्तर त्या दिवशी पायाच्या दुखण्याने घरी होते, दुसऱ्या कोणाची पाळी नव्हती, त्यामुळे बघायला आणि लिहायला तो एकटाच. दहा वाजता खिंडीवर पहिला रहाट लागला. त्याने दुर्बीण लावली आणि त्याच्या लक्षात आलं की त्याच्या मागे दुसरा आहे, त्याच्याही मागे तिसरा. इतके दिवस वाऱ्यापायी कुठेतरी अडून राहिलेल्या घारी आज सगळ्या एकदम निघाल्या होत्या. वरच्या टोकाकडून त्या सुटू लागल्या, आणि धार तुटेचना. त्याने डबा उघडला नाही, पाणी प्यायला नाही. टिक, टिक, टिक. दुपारी अंगठा दुखू लागला, मग बधिर झाला, मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबू लागला. डोक्यावरून त्या अशा जात होत्या की पंखांखालचे पट्टे दिसावेत, आणि आवाज काही नाही, एवढं मोठं जाणं आणि आवाज काही नाही. तो उभ्या उभ्या रडत होता आणि मोजत होता. दर दोन घारींमागे डोळे पुसायला बाही वर न्यावी लागत होती, आणि त्या बाहीमागे एखादी सुटली तर नाही ना, याचीच त्याला धास्ती.

ऊन उतरल्यावर शेवटची घार गेली. यंत्रावर चार हजार एकशे सत्त्याऐंशी. तासातासाचे आकडे पेन्सिलीत टिपलेले होते, त्याने त्यांची बेरीज दोनदा केली. जुळली. या डोंगरावर एका दिवसात एवढ्या कधीच कोणी मोजल्या नव्हत्या. यंत्र पेटीत ठेवायचं होतं, पण त्याने ते शून्यावर न आणता तसंच मुठीत धरलं आणि धावत उतरला. दोनदा पडला. दुकानावरून गेला, थांबला नाही.

ताई डोळे मिटून पडली होती. वहिनी पंखा घालत होती. त्याचा अवतार बघून ती उठून बाजूला झाली. तो खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. ताई, म्हणाला, आज लोटल्या. चार हजार एकशे सत्त्याऐंशी. खरं सांगतोय. तुझी शपथ घेऊन सांगतोय. हे बघ, यंत्र आणलंय, हे बघ तासातासाचे आकडे. उद्या मास्तरांना घेऊन येतो, आसपासच्या कोणीतरी पाहिल्याच असतील, ते सांगतील.

ताईने डोळे उघडले. यंत्रावरचा आकडा तिने नीट वाचला, सवयीने डावीकडून उजवीकडे आणि परत उजवीकडून डावीकडे. मग यंत्र बाजूला ठेवून त्याचा हात हातात घेतला. अंगठा टरटरून सुजला होता, नखाखाली काळंनिळं झालं होतं. ती त्याच्यावर बोट फिरवत राहिली.

"किती वेळ दाबत बसलास रे, बाळ?" ती म्हणाली. "माझ्यासाठी?"

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने तासातासाचा कागद परत तिच्यासमोर धरला.

"आणि मास्तरांना आणू नकोस," ती म्हणाली. "म्हातारपणी त्यांना खोटं बोलायला लावू नये. आण ती वाटी, घेते मी."

आणि तिने घेतली. पाऊण वाटी, एकेक चमचा गिळताना गळ्याची शीर ताठ होत होती, तरी घेतली. त्याला बरं वाटावं म्हणून. तो समोर बसून खरंय गं, खरंय गं, एवढंच म्हणत राहिला, आणि ती प्रत्येक वेळी समजुतीने मान हलवत राहिली, ताप चढलेल्या पोराचं बोलणं आई ऐकते तशी. मग तिने वही मागितली, दोन ओळी लिहिल्यासारखं केलं आणि वही परत उशाखाली सारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. खिडकीतल्या वितभर आभाळात काही नव्हतं.

तेरा दिवसांनी मास्तर पूर्ण मोसमाचा तक्ता घेऊन आले. दारातच म्हणाले की सवयीने आणला, आता कोणाला दाखवायचा? त्या मोठ्या दिवसाचा आकडा त्यात ठसठशीत छापला होता. पलीकडच्या टेकडीवरून दोन गुराख्यांनी, आणि खालच्या धरणावरच्या चौकीदाराने त्या घारी पाहिल्याची नोंदही मास्तरांनी मिळवून खाली टाकली होती. ते गेल्यावर चष्मेवाल्याने प्रथमच उशाखालची वही काढली.

एकशे चाळीस शाईत होते. एकशे नव्वद, तीनशे तीस, चौदा तारखेचे दोनशे सहा, सगळे निळ्या शाईत, ताईच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. त्यांच्यावर तिने एक रेघ मारली नव्हती, शेजारी काही लिहिलं नव्हतं. पुढच्या पानापासून पेन्सिल होती. तीन, नऊ, शून्य, खरे आकडे, सगळे पेन्सिलीत. आणि शेवटी, वेडावाकडा, कागदाला जेमतेम टेकवलेला, चार हजार एकशे सत्त्याऐंशी. शेवटचा सात वळायचा राहून गेला होता.

पेन वहीतच होतं. त्याने टोपण काढलं. कागदाला टोक लावलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, आणि ते त्याचं काम नव्हतं. ज्याने पेन्सिलीत लिहिलं, त्याने.

तो खाटेसमोर आपल्या नेहमीच्या जागी बसला. दिवा लावला. मग रोजच्यासारखा, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, चार हजार, एकशे, सत्त्याऐंशी. आणि ताईला आकडा परत म्हणायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबला. त्याहून थोडा जास्त थांबला. मग त्याने पेनाचं टोपण लावलं.